थोरलीची गोळी

माझी थोरली बहीण सिकलसेलने गेली, तेव्हा आमच्या घरात त्या दुखण्याला नावसुद्धा नव्हतं. गुजरातेत ऊसतोडीला गेलो की मुकादम तिला कामचुकार म्हणायचा. झोपडीत ती कण्हत पडायची. पुढे तेच दुखणं माझ्या रक्तात निघालं, आणि सरकारी दवाखान्यातून मला रोज घ्यायची गोळी मिळाली.

"नवीन औषध आलंय का?" मी विचारलं. तरुण डॉक्टर उत्साहाने सांगू लागले. औषध जुनंच, आधी कॅन्सरसाठी वापरलेलं, मग संशोधनात सिकलसेलवरही चालतं असं दिसलं, मोठ्या शहरांत तर कित्येक वर्षं देतात, म्हणजे थोरली होती तेव्हाही. माझ्या अंगाची आग झाली. आमच्या खांडबाऱ्यापर्यंत रेल्वे येते, मग गोळी काय पायी निघाली होती?

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. आमच्यात नवाईला नवं धान्य आधी सागाच्या पानावर पूर्वजांना ठेवतात, मग आपण खातो. आईने गोळीचीही नवाई केली. पहिली गोळी घरामागे थोरलीच्या नावाने उभ्या केलेल्या दगडापाशी ठेवली, दुसरी मला दिली. मला ते बरंच वाटलं. पुढे गोळ्यांचा डबा तिनेच सांभाळला.

दुखणं खरंच कमी होत गेलं. पण एकदा महिना सरायच्या आतच डबा रिकामा झाला, आणि काही दिवसांत हाडं पुन्हा ठणकू लागली. मी लंगडत, तावातावाने नर्सबाईंशी भांडायला गेले. त्याही खमक्या.

"मी पुरा महिनान्या गोळ्या दिन्ह्यात. घरमा कोन खाई ऱ्हायनं ते देख!"

घरी येऊन थेट मागे गेले. दगडापाशी सागाच्या पानांवर गोळ्याच गोळ्या, दवाने फुगलेल्या.

"एका गोळीने तिचं काय होणार?" आई म्हणाली. "तू रोज घेतेस, तेव्हा कुठे थांबतं. ती अजून कण्हते. तुला ऐकू येत नाही?"

येत होतं. पण गोळ्या एकीपुरत्याच होत्या, आणि मला जगायचं होतं.

"ती बरी झाली गं," मी म्हटलं. "स्वप्नात आली होती. पळत होती."

आई रडता रडता हसली. पुढच्या महिन्याचा डबा आला, तेव्हापासून ती रोज एकच गोळी काढू लागली.

आता मागे काही ऐकू येत नाही, असं ती म्हणते. मी गोळी गिळते, आणि थोरली कण्हत असते.