दोन्ही सारखेच

मी संशोधन करते म्हणजे नेमकं काय करते, हे पप्पांना कधी धड सांगताच आलं नव्हतं. "विमानाच्या आवाजाचं काहीतरी," एवढंच ते अंबरनाथच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कौतुकाने सांगत फिरायचे. एका रविवारी ठरवलं, आज ऐकवायचंच. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारातून स्वस्तात आणलेले स्पीकर कॉम्प्युटरला जोडले आणि त्यांना समोर बसवलं.

"पप्पा, हवा आवाजाच्या वेगापेक्षा जोरात सुटली की नुसती घरघरत नाही, वर किंकाळी पण मारते. आम्ही पाइपाच्या तोंडाला दाते पाडले, मग ती किंकाळी गेली. जाणार हे गणिताने आधीच काढलं होतं."

पहिला आवाज लावला. "अगं बाई, बंद कर ते!" म्हणत आई कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात पळाली. पप्पा शांत. मग दात्यांनंतरचा लावला.

"कसं वाटलं?"

"दोन्ही सारखेच."

असा राग आला! इतकी वर्षं घासली आणि म्हणे सारखेच! मग वाटलं, स्पीकरच बोगस असणार. कॅम्पातला माल, त्याचा काय भरवसा? वायरी हलवल्या, आवाज वाढवला, पुन्हा पहिला लावला. आतून आई ओरडली, "मेलं ते बंद कर म्हटलं ना!"

स्पीकर ठणठणीत होते. पप्पा माझ्या ओठांकडे बघत होते.

त्यांना किंकाळी ऐकूच येत नव्हती. येत होती ती खालची घरघर, आणि ती दोन्हींत जवळजवळ सारखीच होती. कारखान्यात त्यांनी जन्मभर ओतीव लोखंडी भागांवरची धूळ हवेच्या पाइपने उडवली, कानात कापसाचे बोळे घालून. त्या पाइपातून सुटणारी हवा आणि माझ्या प्रयोगातली हवा, दोघी सख्ख्या बहिणी. आणि आम्ही घरात म्हणायचो, हाक मारली तरी मुद्दाम ओ देत नाहीत.

मी त्यांच्यासमोर बसून सगळं सावकाश सांगितलं. मला रडू आवरत नव्हतं.

"किती आवाज होणार, ते आधीच काढता येतं म्हणालीस ना?"

"हो, पप्पा."

"मग आमच्या खात्यात कुणी काढलं का नाही?"

ते गणित काही फार अवघड नव्हतं. पण हे मला त्यांना सांगवलं नाही.