गाठीवरचा हात

शालिकरामचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. नंदनवन वस्तीतून पायी निघून तो सव्वाचारला गांधीबागेच्या कापडबाजारात पोचे. सुरतेचा ट्रक तोवर लागलेला असे. बंद शटरं, दिव्यांचा पिवळा उजेड, कोऱ्या कापडाचा खळीचा वास. शंभर किलोची गाठ पाठीवर आली की समोरचं जग संपे आणि पायाखालची दोन हात जमीन तेवढी उरे. ती मागे सरकत राही, आपण पाण्याखालून चालावं तशी. एकतीस वर्षं त्याने बाजार असा पाहिला. दुकानांच्या पाट्या त्याला ठाऊक नव्हत्या, उंबरठे ठाऊक होते.

धरमपेठेतली अबोली हमालांच्या संस्कृतीवर प्रबंध लिहायला आली, तेव्हा शालिकरामच्या पाच जणांच्या टोळीने आपसात विचार केला. संस्कृती म्हणजे सभागृहात समई लावून असते ती. दुसऱ्या दिवशी पाचही जण इस्त्रीचे कपडे घालून, टिळे लावून पायरीवर ओळीने बसले. एकाने पेटी वाजवणारा भाचाही आणला. ट्रक दोन तास तसाच उभा. शेवटी अबोलीच ओशाळून म्हणाली की तिला त्यांचं काम पाहायचं होतं. दुकानाचा शेठ काय बोलला ते लिहिण्याजोगं नाही.

मग ती तीन महिने रोज पहाटे येऊन बसली. विचारी थोडं, पाही पुष्कळ. हीसुद्धा मेहनत आहे, हे शालिकरामने पहिल्याच आठवड्यात मान्य केलं.

पहिली गाठ उचलण्याआधी पाचही जण तिच्यावर तळहात ठेवून डोळे मिटत. चार-पाच श्वास. मग चौघं उचलत आणि पाचवा वाकून पाठीवर घेई. अबोलीने लिहिलं की हमाल गाठीला देव मानतात, हा श्रमाला नमस्कार आहे. तिने ते वाचून दाखवलं. तिच्या सरांना तोच भाग सगळ्यात आवडला होता. टोळीलाही आवडला. शालिकरामने ते खोडायला सांगितलं नाही.

ते खोटं त्याच्या सोयीचं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी टोळीतला नानाजी गाठ घ्यायला वाकून उभा असताना चौघांतल्या एकाचा हात अर्धा श्वास आधी सुटला. गाठ तिरपी आली आणि नानाजीची कंबर कायमची गेली. त्या चौघांत शालिकराम होता. तेव्हापासून ही रीत. आता गाठीला देव केलं, तर नानाजी त्यातून पुसला जाणार होता, आणि तो सुटलेला हातही.

आठ दिवस त्याला ओझ्याखाली, त्या दोन हात जमिनीवर, नानाजीची अनवाणी पावलं पुढे चालताना दिसत राहिली. नवव्या दिवशी तो अबोलीपाशी गेला.

"ताई, तो नमस्कार नाही. खोडा ते."

"मग काय आहे, काका?"

त्याने तिला गाठीवर हात ठेवायला लावला. टोळीने आपले ठेवले. आधी तिला काहीच कळलं नाही. मग तळहाताखालचं कापड अगदी हलकं वर आलं, खाली गेलं, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखं. सगळ्यांचा श्वास एक झाला होता.

मग त्याने नानाजीचं सांगितलं. हात कोणाचा होता, असं तिने विचारलं.

"मले नाही माहीत. माहाच असन. तो सांगन म्हणून मी त्याच्या गावाले कधी गेलोच नाही."

ती म्हणाली, मी एसटीने जाऊन विचारते. शालिकरामने ऐकलं नाही. हात चार होते, तर चौघांनी जायचं. एक जण मिहानमधल्या एका कंपनीत चौकीदार झाला होता, एक गुडघ्यांपायी घरी बसला होता. दोघांना त्याने शोधून काढलं. चौथा टोळीतच होता. गाडी ठरवली, अबोलीलाही सोबत घेतलं.

उमरेडच्या पुढच्या गावात नानाजी खाटेवर होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "एकोणीस वर्षांत उमरेडची मोटार सापडली नाही का गा तुमाले?"

मग शालिकरामने विचारलंच.

"कोणाचा हात, ते मले कसं दिसन?" नानाजी म्हणाला. "मी तं वाकून होतो."

अबोलीने तेवढंच लिहिलं : हात कोणाचा, हे कोणालाच माहीत नाही. वाचून दाखवलं. शालिकरामने पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. नानाजीने चहा मागवला.

सरांना आवडलेला भाग खोडल्यामुळे प्रबंध सहा महिने लांबला. गाडीभाड्यासाठी अबोलीने पर्स उघडली, पण शालिकरामने ती मिटायला लावली. त्या आठवड्याची त्याची हमाली त्या भाड्यात गेली.