हायड्रोजनच्या बसचा ड्रायव्हर

माझा नवरा ड्रायव्हर आहे. बरीच वर्षं तो ठाण्याच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवायचा. ती नोकरी त्याने हायड्रोजनवर चालणाऱ्या बससाठी सोडली. हे मी आजवर इतक्या जणांना ऐकवलंय की सांगताना आता माझा आवाजसुद्धा बदलत नाही. ऐकणारा दर वेळी एकच विचारतो, "म्हणजे पाण्यावर चालते का ती?" पाण्यावर नाही चालत. छतावर टाक्या असतात, त्यांत गॅस भरतात, त्या गॅसपासून गाडीतच वीज तयार होते, विजेवर गाडी पळते आणि मागच्या नळीतून धुराऐवजी पाणी पडतं. मला पाठ आहे सगळं. डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे, तिथे पोळ्या न्यायला येणाऱ्या बायकांनाही मी हे समजावून सांगितलंय. त्या मान डोलावतात आणि आज भाजी कसली आहे ते विचारतात.

नोकरी सोडायला कारण होतं त्याचा रुमाल. कल्याण-शीळ रस्त्यावर डिझेलची गाडी रोज हाकणाऱ्या माणसाचा रुमाल कसा होतो ते मी धुतलंय म्हणून मला माहीत आहे. कितीही घासा, काळा तो काळाच. रात्री खोकल्याची उबळ आली की तो उठून गॅलरीत जायचा, आम्हाला झोपू द्यावं म्हणून. अशात काटईच्या पुढे रस्त्यालगत एका खासगी कंपनीने जागा घेतली. तिथे हायड्रोजन भरायचं स्टेशन होणार, कल्याण ते ठाणे बस सुटणार, ड्रायव्हर लोकांना ट्रेनिंग देणार आणि बस सुरू झाल्या की कायम करणार, असं त्याला कळलं. "बस सुरू झाल्या की" हे शब्द तेव्हा आम्ही दोघांनीही नीट ऐकले नाहीत. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला कायम करणार म्हटल्यावर पुढचं-मागचं कोण ऐकतंय.

ट्रेनिंगहून तो शाळेतून आलेल्या पोरासारखा घरी यायचा. चपला काढता काढता सांगायला सुरुवात.

"अगं, या गॅसला वासच नसतो."

"मग गळला तर कळणार कसं?"

"छतात सेन्सर असतो. तो वास घेतो."

"वासच नाही म्हणालात ना आत्ता?"

"आपल्याला येत नाही. त्याला येतो."

आणखी एक दिवस म्हणाला, हायड्रोजन पेटला तर दिवसा ज्योतसुद्धा दिसत नाही. शिकवणाऱ्याने गंमत म्हणून एक जुनी युक्ती सांगितलेली, संशय आला तर लांब दांड्याची केरसुणी पुढे धरून चालायचं. केरसुणी पेटली की समजायचं, समोर आग आहे. मी म्हटलं, लक्ष्मीला पुढे घालून तुम्ही मागे चालणार, शोभतं का ते? तो खूप हसला. त्या दिवसांत तो बराच हसायचा. खोकला काही कमी झाला नव्हता, पण आता तो जाणार असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

बस आल्या. पांढऱ्या, बुटक्या पायरीच्या, दारापाशी म्हाताऱ्या माणसांसाठी उतरती फळी असलेल्या. त्याने मला दाखवायला नेलं तेव्हा आधी चपला झटकायला लावल्या. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. गॅस मात्र लांबून ट्रेलरवर यायचा, आणि शीळफाट्याची कोंडी गॅस आहे की वाळू हे बघत नाही. ट्रेलर आला की दाबाने गॅस भरणारं यंत्र रुसायचं. यंत्र चाललं की कुठलीतरी परवानगी राहिलेली असायची. तरी शेवटी एक दिवस ठरला. परवानगी देणाऱ्या खात्यातले पाहुणे येणार, बसमध्ये बसणार, कल्याणपर्यंत जाऊन परत येणार. सगळं नीट झालं तर कागदावर सही, आणि मग बस सुरू.

आदल्या दिवशी पूजा. नवी गाडी पूजा केल्याशिवाय रस्त्यावर काढणारा ड्रायव्हर मी तरी पाहिलेला नाही. आम्हा घरच्यांनाही बोलावलेलं. मी शिरा करून नेला. हार झाले, हळदकुंकू झालं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ मात्र फाटकाबाहेर फोडायला लावला. आणि निरांजन पुढे केलं तशी सेफ्टीची मॅडम धावत आली. आमच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी असेल, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिट्टी. दिवा लावायचा नाही, उदबत्ती नाही, कापूर पेटवायचा नाही. आत ठिणगीसुद्धा चालत नाही म्हणाली, आणि खरंच होतं तिचं.

तेव्हा तूपवात घातलेलं निरांजन न लावताच ओवाळलं. मी कित्येक पूजा पाहिल्यात, इतकी अवघडलेली एकही नाही. तिथल्याच गावातला एक आगरी ड्रायव्हर होता, वयाने सगळ्यांत मोठा. तो बाजूला जाऊन उभा राहिला.

"दिवा नाय लावाचा तं मंग पूजा कसली?" एवढंच म्हणाला आणि शिराही घेतला नाही त्याने.

बाकीच्यांचे चेहरे पडले. सगळे ट्रेनिंग झालेले, गॅसचा दाब तोंडपाठ असलेले लोक, पण दिव्यावाचून गाडी काढायची म्हणजे कोणाचं मन घेईना. तेव्हा तोडगा काढला तो माझ्या नवऱ्याने. पेटवायला बंदी आहे ना, मग पेटवायचंच नाही. कापूर नुसता ठेवायचा. तुम्हीही बघितलं असेल, त्या आजारपणाच्या साथीनंतर घरोघरी कापूर-लवंगांच्या पुरचुंड्या लटकायला लागल्या. तशीच लाल फडक्याची, चांगली मूठभर कापराची पुरचुंडी प्रत्येक बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर बांधायची. देवाला कापूर पोचला, मॅडमचा नियमही राहिला. आगरी ड्रायव्हरने पण मान हलवली. बांधायला छतात आयतीच एक छोटी जाळी होती.

ती जाळी सेन्सरची होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे उशिरा आले. मे महिना, बस दारं-खिडक्या बंद करून सकाळपासून उन्हात उभी. आत कापराचा घमघमाट सुटला होता. पाहुण्यांतले एक जण प्रसन्न वाटतंय म्हणाले म्हणे. माझ्या नवऱ्याने बस बाहेर काढली. आवाज नाही, धूर नाही. त्याने मला नंतर सांगितलं, त्या पहिल्या वळणावर त्याला रडू येईल असं वाटलं होतं. पुढे थोडी गेली असेल नसेल तोच भोंगा वाजायला लागला, समोर लाल दिवे लागले आणि बस आपोआप बंद पडली. भर कल्याण-शीळ रस्त्यावर, मधोमध.

पाहुणे नाकाला रुमाल लावून पळाले. ज्या गॅसला वास नाही त्याच्यासाठी नाकाला रुमाल. मागे देसईपर्यंत गाड्या तुंबल्या, रिक्षावाले शिव्या घालायला लागले, लोकांनी मोबाइल बाहेर काढले. अग्निशमनवाले आले. गळती कुठेच नव्हती. मॅडम आत चढली, वर बघितलं आणि जाळीला बांधलेली पुरचुंडी सोडून घेतली.

"काका, हे काय आहे?"

"कापूर."

"इथे कशाला?"

"दिवा लावू नका म्हणालात ना तुम्ही."

मॅडम पुरचुंडी मुठीत धरून खाली उतरली. सेन्सरला जळणाऱ्या वस्तूची वाफ तेवढी कळते, ती कापराची की गॅसची हे त्याला ठरवता येत नाही, असं तिने नंतर पाहुण्यांना समजावलं. पाहुण्यांनीही ते ऐकून घेतलं, माझ्या पोळ्यांची गिऱ्हाइकं घेतात तसंच. सगळं पुन्हा तपासू म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते आले नाहीत.

पहिले काही दिवस स्टेशनवर सगळे हसायचे म्हणे. मग ट्रेलर यायचा थांबला. यंत्राचा कुठला तरी भाग परदेशातून यायचा होता, तो आला नाही. साहेब लोक यायचे कमी झाले. ड्रायव्हर एकेक करून गेले, कोणी शाळेच्या बसवर, कोणी टॅक्सीवर. आगरी ड्रायव्हरने सरळ घर गाठलं. माझा नवरा जात राहिला. रोज गणवेश घालून जायचा, बस आतून-बाहेरून पुसायचा, ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा आणि संध्याकाळी परत यायचा. जुन्या कारखान्यात विचारून बघा असं मी मागे लागल्यावर एकदा गेला होता. तिथे त्याच्या जागी दुसरा लागलेला. आंबिवलीला त्याची बहीण असते, तिच्या नवऱ्याने एका टेम्पोचं सुचवलं. तेव्हा म्हणाला, "बस सुरू झाल्या आणि मी नसलो तर?"

मला राग यायचा. अजून येतो. धुण्याच्या दगडावर त्याचा गणवेश आपटताना यायचा, कारण तो कपडा मळलेलाच नसायचा. रुमालही आता पांढरा असायचा, पण आम्हाला तो असा नको होता.

मॅडमने नोकरी सोडली त्या दिवशी मी फाटकापाशी डबा द्यायला गेलेली. तिने मला बाजूला घेतलं.

"काकू, काकांना सांगा, त्यांच्यामुळे काही झालेलं नाही. गॅसच परवडत नव्हता. कापूर नसता तरी हेच झालं असतं. मी त्यांना सांगून थकले."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तो जेवत होता. "मॅडम चांगल्या आहेत म्हणून तसं म्हणतात," म्हणाला, आणि आमटी मागितली. मी तेव्हा फार तावातावाने बोलले. तुम्ही काय एवढे मोठे लागून गेलात की तुमच्या मूठभर कापराने कंपनी बुडेल, असंही म्हटलं. तो भात कालवत राहिला. त्याच्याकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं, त्याला ते खोटं ठरायला नकोच होतं. कापरामुळे बंद पडली म्हटलं की बस चांगली होती. स्टेशन चांगलं होतं, नोकरी सोडली तेही बरोबर होतं, फक्त एक पुरचुंडी चुकीच्या जागी बांधली गेली. मॅडमचं खरं मानलं तर त्यातलं काहीच उरत नव्हतं. त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात कंपनीने जागा सोडली. बस दुसऱ्या कुठल्या शहरात पाठवायचं ठरलं, लांबच्या ट्रेलरवर चढवून. तो ट्रेलर स्टेशनच्या गल्लीत वळेना, म्हणून बस ओढत शीळफाट्यापर्यंत न्यायच्या होत्या. टाक्या रिकाम्या. पुढे डिझेलची क्रेन, मध्ये लोखंडी दांडा, मागे बस, आणि बसमध्ये स्टिअरिंग धरायला एक माणूस. त्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावलं. त्याने गणवेशाला इस्त्री केली. मी म्हटलं, "अहो, ओढायच्याच आहेत ना, साधा शर्ट घाला." त्याने ऐकलं नाही.

तो गेल्यावर मी केंद्रातल्या बाईला पोळ्या बघायला सांगितल्या आणि रिक्षा करून देसईच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले. का गेले ते मला धड सांगता येणार नाही. मेट्रोच्या कामाने रस्ता अर्धा खणलेला, धूळ, ऊन. स्टॉपवर बरेच लोक होते. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, गुडघ्याला पट्टा बांधलेली एक म्हातारी, कामावर निघालेले. ठाण्याच्या बसची वाट बघून कंटाळलेले.

आधी क्रेन दिसली नाही, तिच्यापुढे एक डंपर होता. त्याच्या बाजूने मागची पांढरी बस तेवढी दिसली. स्वच्छ, नवी, कपाळावर 'कल्याण - ठाणे' लिहिलेली. लोक पुढे सरकले, बायकांनी पिशव्या उचलल्या. म्हातारीने हात केला, मग सगळ्यांनीच केला. डंपर पुढे गेला आणि क्रेन दिसली, तिचा सगळा काळा धूर मागच्या काचेवर येत होता. काचेमागे तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेला. त्याने लोकांचे हात बघितले. माझ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याचा उजवा पाय दाबला गेला, ते मला त्याच्या खांद्यावरून कळलं. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून गावाला गेलेय मी. ब्रेक पुढच्या क्रेनच्या ताब्यात होता. बस थांबली नाही. म्हातारी चार पावलं बसमागे धावली आणि तिने पत्र्यावर थाप मारली. "अरे थांबव की रे बाबा," ती म्हणाली.

घरी मी त्याच्या आधी पोचले. तो आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. मी स्टॉपवर होते हे मी सांगितलं नाही. त्याने पहिला घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"पॅसेंजर होते गं आज," तो म्हणाला. "मला एकालाही घेता आलं नाही."