मी पास केलेला पाट

माझ्या धाकट्या बहिणीचे, गोदूचे, ठरत आलेले लग्न एका पाटाने मोडायला आणले होते, आणि तो पाट मी तपासून पास केलेला होता.

पाट केला आमच्या थोरल्या भावाने, अण्णाने. त्याला जाऊन आता चार महिने होतील. घरात त्याचा विषय निघाला की आईचा आवाज बसतो, म्हणून मी हे कागदावर काढतो आहे. (हळूहळू लिहितो आहे. मी घाई केली की काय होते, ते पुढे येईलच.)

अण्णा गिरणीत खळ खात्यात होता. सुताला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याच्या पिठाची खळ शिजवून लावतात, ते त्याचे काम. एकदा एक चिंधी खळीत पडून फरशीवर वाळली आणि दोन माणसांना ओढून निघेना. त्या दिवसापासून अण्णा जेवताना आमटीऐवजी भिंतीकडे बघू लागला. महिन्याभरात त्याने चिंध्यांचे थर रचले, एक उभा, एक आडवा, मध्ये खळ, वर शहाबादी फरशीचे वजन, आणि शेवटी आठ दिवस घराच्या धाब्यावरचे ऊन. निघाली ती फळी सागवानासारखी टणक आणि सुपासारखी हलकी होती.

"बापू, लाकडाचे दिवस भरले," अण्णा मला म्हणाला. "ह्याचे टांगे होतील, आगगाडीचे डबे होतील, होड्या होतील."

(होड्या हा शब्द ऐकला तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.)

मी शाळेत शास्त्र शिकवतो, त्यामुळे तपासणी माझ्याकडे आली. अण्णाने पहिला पाट केला आणि मी वहीत रकाने आखले. पाट धाब्यावरून खाली टाकला, तडा नाही. मग शेजारच्या भागव्वांना बोलावले. त्या बसल्या की आमचा झोपाळा दोन दिवस कुरकुरत असे.

"मोडला तर माझ्या नावानं बोंबलशीला की," त्या म्हणाल्या.

"नाही मोडत. बसा."

त्या बसल्या. पाट हूं की चूं करीना. "लई घट हाय की," म्हणून त्या तिथेच सुपारी कातरत तासभर बसून राहिल्या. मी लिहिले : वजन, उत्तम.

"पाण्याचं बघायचं का रे?" अण्णाने विचारले.

"वैशाखात सोलापुरात प्यायला पाणी नाही, पाटाला कुठून आणू?" मी म्हणालो, आणि त्या रकान्यात काहीतरी लिहून खाली सही ठोकली.

पुढच्याच आठवड्यात मुलाचे वडील गोदूला बघायला आले. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फोरमन. सगळी हयात लोखंडात गेलेली. हाताला जड लागत नाही ती वस्तू त्यांना खरी वाटत नसे. अण्णाला वाटले, ह्यांनाच पाट दाखवावा. मी म्हणालो, दाखवायचा कशाला, त्यावरच बसवू. एकच तयार होता, तो पाहुण्यांना; आम्ही आपले सागवानी पाटांवर.

आईची शंका वेगळी होती. "कुणाकुणाच्या चिंध्या त्या. सोवळ्यात चालतील का रे?"

"आई, ते आता कापड राहिलं नाही. पाट झाला."

"बरं," आई म्हणाली. आई इतक्या लवकर बरं म्हणत नाही, हेही माझ्या लक्षात आले नाही.

पाहुणे आंघोळ करून, रेशमी मुकटा नेसून पानावर बसले. वरणभातापर्यंत सगळे ठीक होते. भाजीच्या वेळी मला वाटले, पाहुणे मघाशी जरा उंच होते. पुरणपोळी वाढेपर्यंत त्यांचे गुडघे कानांच्या रेषेत आले. चिंचोक्याचा आंबूस वास सुटला. पण पंगत अर्धी टाकून उठायचे नाही, ह्या एका रीतीवर ते बिचारे जेवत राहिले. प्रत्येक घासाला थोडे थोडे खाली जात.

शेवटी ते उठले. पाटही उठला.

गोदू दारात तुपाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. अण्णाच्या तोंडाचा रंग गेला. मी म्हणालो, "हे तपासणीत आलं नव्हतं."

"ह्यावर पाणी पडलंय," अण्णा पुटपुटला.

"दोनच कळश्या," आई आतून म्हणाली. "शुद्ध करून घेतला सकाळी. मग नीट पुसला की रे."

अण्णाने आणि मी पाट धरून ओढला. टर्र असा आवाज झाला. फाटला तो मुकटा.

"थांबा," पाहुणे म्हणाले. "काय काय निघतंय ते मला आधी बघू द्या." आणि पाठीमागे पाट घेऊन ते खोलीत गेले.

धोतर नेसून बाहेर आले तेव्हा हातात मुकटा आणि पाट, दोन्ही एकत्र. ओसरीवर बसून त्यांनी पाटावर पाय रोवला आणि मुकटा ओढला. रेशीम फाटले, सांधा सुटला नाही. आईने आत देवाला हात जोडले. गोदूचे लग्न त्या सांध्यावर येऊन ठेपले होते.

"हे जोडकाम कुणाचं?"

"माझं," अण्णा म्हणाला. "पाण्यापुढे टिकत नाही. चूक माझीच."

मी गप्प बसलो. आजही ते गप्प बसणे आठवले की जेवण जात नाही.

"तपासला नव्हता का?"

"तपासला होता," गोदू आतून म्हणाली. "बापूदादाची वही आहे ना." आणि माझ्या सख्ख्या बहिणीने ती वही आणून दिली.

पाहुण्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचले. "वजन, उत्तम. आपटणे, उत्तम. पाणी, आवश्यकता नाही." मग माझ्याकडे पाहिले. "सही तुमची?"

"हो."

त्यांनी वही मिटून पाटावर ठेवली.

"मुलगी पसंत आहे," ते आईला म्हणाले. "सासरी सुद्धा खरं ते सांगेल. थोरलाही पसंत आहे. केलेलं कबूल करतो. पण एक अट. लग्नात ह्या मास्तरांनी काही तपासायचं नाही."

अट अक्षरशः पाळली गेली. अण्णाने मांडव बांधला. तो मी लांबून पाहिला. पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायला तरी उभा राहतो म्हणून मी गुलाबदाणी हातात घेतली. मुलाचे वडील आले. गुलाबदाणी त्यांनी कानाशी धरून हलवली.

"ह्यात पाणी आहे," ते म्हणाले, आणि ती माझ्याकडून काढून भागव्वांच्या हातात दिली.