सरांविरुद्धचा अर्ज

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बिबवेवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची मी वकील होते. आम्ही लिहिलेला प्रोग्राम नक्की कुणाचा, यावरून एका जर्मन कंपनीशी वाद पेटला होता. करारानुसार तो कोर्टात न जाता लवादाकडे गेला. दोन्ही बाजूंनी निवडलेले लवाद म्हणजे लॉ कॉलेजातले माझे सर. ही ओळख मी आधीच लेखी कळवली होती. समोरच्यांची हरकत नव्हती.

एका दुपारी ग्रंथालयात परिसंवादाची जुनी पुस्तिका चाळताना सरांचा परिचय दिसला. त्याच जर्मन कंपनीच्या इथल्या शाखेचे सल्लागार, असं त्यात छापलं होतं. सरांनी हे आम्हाला सांगितलंच नव्हतं.

माझ्या सीनियर बाई म्हणाल्या, "कळल्यापासून पंधरा दिवसांत आक्षेप घ्यायचा. नंतर तोंड उघडायचं नाही."

"पण अर्ज सरांकडेच द्यायचा ना? निर्णयही तेच देणार?"

"हो. आणि फेटाळला, तर पुढची केस त्यांच्यासमोरच चालवायची. तेव्हा जपून लिही."

सर लबाड आहेत असं म्हणायचं नव्हतंच. शंकेला जागा आहे, एवढंच. तरी पेन अडत होतं. मला पहिली केस त्यांनीच मिळवून दिली होती. तेरा दिवस लिहिलं, खोडलं. जेवण जाईना.

चौदाव्या दिवशी नारायण पेठेत त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं.

"अगं, तू? ये ना आत."

मी उंबऱ्याबाहेरूनच लिफाफा दिला. त्यांनी उभ्याउभ्या सगळं वाचलं आणि माझ्या प्रतीवर तारीख घालून सही केली.

"ही आपली पोच. निर्णय कळवीन."

'तू'नंतरचा तो 'आपली' शब्द घेऊनच मी जिना उतरले.

पुढचे आठ दिवस फॅक्स वाजला की मी हातातलं काम टाकून धावे. मग दोन ओळींचं पत्र आलं: सर बाजूला होत होते, मात्र आक्षेप त्यांना मान्य नव्हता. कंपनीत पेढे वाटले. नव्या लवादाने वर्षभराने निकाल दिला. प्रोग्राम आमचाच ठरला.

त्यानंतर एकदा सर लक्ष्मी रोडवर समोरून आले. टाळता आलं नाही.

"त्या कंपनीचं काम सोडून मला कितीतरी वर्षं झाली होती," ते म्हणाले. "लक्षातच नव्हतं. आधी विचारायचंस तरी."

"मुदत होती, सर."

"हं," म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.