पांढरा दिवा लागला की

बंदरालगत एके काळी तीन बार असे होते, जिथे पुरुष पुरुषांबरोबर आणि बायका बायकांबरोबर नाचायच्या. तिन्हींचं वायरिंग एकाच माणसाच्या हातचं. पहिला बार 'तळघर', दोरखंड-ताडपत्रीच्या दुकानाखाली. दुसरा 'गुलाबी', शीतगृहाच्या माडीवर; तिथे अत्तर लावून गेलेला माणूस मासळीचा वास घेऊन घरी यायचा. तिसऱ्याचं नाव 'चांदणी', आणि आतून आभाळाचा तुकडा दिसेल तर शपथ. अंगाने आडव्या, चालीने संथ अशा या वायरमनला तिथली मंडळी 'बिजली' म्हणायची. तो चिडायचा, म्हणून जरा जास्तच म्हणायची.

तिन्ही बंद पडले त्याला जमाना लोटला. आधी एड्सने माणसं नेली, मग मालक थकले, भाडी वाढली, आणि उरलेसुरले लोक मोबाइलवरच एकमेकांना भेटू लागले. तळघरात आता न्हाणीघराच्या फरश्या मिळतात, गुलाबीच्या जागी गाड्या उभ्या राहतात, चांदणीची तर अख्खी इमारतच गेली. दर वेळी दिवे उतरवायचं बोलावणं वायरमनलाच यायचं. ज्याने वायरी ओढल्या त्यालाच त्या ठाऊक, दुसरा कोण हात घालणार? स्टुलावर चढून एकेक होल्डर सोडवताना त्याचे डोळे भरून यायचे. खाली स्टूल धरून उभा असलेला मालकही नाक ओढत असायचा. मग दोघं मिळून धुळीला शिव्या घालायचे.

तळघरातच त्याला मास्तर भेटला. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. पहिल्याच भेटीत वायरमनची कॉलर चिमटीत धरून तो म्हणाला, "ही शिवणाऱ्याला आधी माझ्यासमोर आणा." पुढच्या आठवड्यात त्याने नवाकोरा शर्ट शिवून आणला. वायरमनने तो अंगात घातला आणि गडी कामातून गेला. पुढे दोघांनी दोन खोल्या घेतल्या आणि घरमालकिणीला आते-मामेभाऊ म्हणून सांगितलं. ती बिचारी आपल्या भांडकुदळ मुलांना सुनवायची, "भाऊ असावेत तर असे!"

म्हातारपणी मास्तरचं डोकं रिकामं होत गेलं. आधी कात्री कुठे ठेवली ते आठवेना, मग कात्री कशाला असते तेच आठवेना. एकदा गॅस उघडा टाकून तो रस्त्यावर निघून गेला, तेव्हा वायरमनने काळजावर दगड ठेवून त्याला शुश्रूषागृहात ठेवलं. सही करायला मास्तरच्या भाचीला परगावाहून बोलवावं लागलं, कारण ती सख्ख्या बहिणीची मुलगी. वायरमनच्या सहीला तिथे कोण विचारतो!

भाची वाईट नव्हती, हे सांगून टाकलेलं बरं. काही महिन्यांनी एक दिवस परत आली तीही फळं घेऊन, हसतमुखाने. पण आली ती मनाशी ठरवून.

"काका, तुम्ही एक दिवस चुकवत नाही, तुमचे उपकार मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण मामाला मी माझ्याकडे नेते. घराजवळच एक चांगली जागा आहे. इथे तो कुणाला ओळखत नाही. खरं सांगा, तुम्हाला तरी ओळखतो का? मग त्याला इथे काय नि तिथे काय?"

मास्तरचा हात वायरमनच्या हातात होता. तो कसाबसा म्हणाला, "हात धरतो ना माझा."

"हात तर तो सिस्टरचाही धरतो, काका."

संध्याकाळ होत आली होती. तेवढ्यात सिस्टर आत आली आणि तिने ट्यूबलाइट लावली.

मास्तरने चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. तो उठला, शर्ट सारखा केला, भाचीचा हात धरला, दुसरा हात अदबीने तिच्या पाठीला लावला आणि चक्क नाचायला लागला. भाची आधी दचकली, मग तिला हसू आवरेना.

"रोजचंच आहे हो हे!" सिस्टर म्हणाली. "दिवा लागला की आजोबा रंगात येतात. कधी मला धरतात, कधी पलीकडच्या आजींना."

इतके महिने वायरमनही या हसण्यात हसत आला होता. आज मात्र त्याला ते जमलं नाही.

"रंगात नाही गं येत तो," तो म्हणाला. "घाबरतो."

भाचीचं हसू थांबलं, पण मास्तर तिला सोडेना. तशीच पावलं टाकत ती ऐकत राहिली.

"आमचा एक बार होता. आमच्यासारख्यांचा," वायरमन म्हणाला. घरच्या माणसासमोर हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होते. "नाचायच्या जागेवर लाल दिवा असायचा. दारातून पोलिसांची गाडी दिसली की मी पांढरा लावायचो. पांढरा लागला की हातातला हात सोडायचा आणि ठरलेल्या बाईला धरायचं. याची ठरलेली होती एक बस कंडक्टर. तिचे पाय याने इतके तुडवले, की ती तिथे बूट घालून यायला लागली. पोलीस यायचे, जोडपी बघायचे, जायचे. ज्याला हात सोडायला उशीर झाला, तो गाडीत. एकाची शाळेतली नोकरी गेली. एकाला बापाने घराबाहेर काढलं."

भाचीने हळूच विचारलं, "म्हणजे तुम्ही आणि मामा... नुसते मित्र नाही?"

"नाही."

तिने मान वर करून मास्तरकडे बघितलं. मास्तरच्या कपाळावर घाम आला होता. मग ती म्हणाली, "सिस्टर, दिवा बंद करा."

खोलीत खिडकीतला उजेड तेवढा उरला. मास्तरने मोठा श्वास सोडला आणि भाचीच्या कानाशी वाकून विचारलं, "गेले?"

"गेले," भाची म्हणाली.

"बिजली कुठाय?"

कित्येक महिन्यांत मास्तरच्या तोंडी हे नाव आलं नव्हतं. वायरमन धडपडत पुढे झाला, त्याने त्याचा हात घट्ट धरला. "हा काय, इथेच आहे मी!"

मास्तरने त्याच्याकडे परक्याकडे बघावं तसं बघितलं आणि हात सभ्यपणे सोडवून घेतला. "तुम्ही नाही हो. माझा माणूस. तो दारात असतो, बटणापाशी. तो कधी नाचत नाही."

वायरमनला भडभडून आलं. खरंच होतं ते. रस्त्यावर नजर ठेवायला कुणीतरी हवंच, म्हणून तो जन्मभर दारात उभा राहिला. मास्तर दुसऱ्यांबरोबर नाचायचा आणि दर गिरकीला दाराकडे बघायचा. "एकदा तरी ये ना," म्हणायचा. "मग दिवा कोण लावणार?" हे याचं उत्तर. आणि आता नाचायला जायचं म्हटलं तरी जाणार कुठे?

तो दारापाशी गेला आणि बटणावर हात ठेवून उभा राहिला. मास्तरने गिरकी घेतली, दाराकडे बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"तो बघ," तो भाचीला म्हणाला. "तोंड पाडून उभा असतो, पण माझा आहे."

भाची एकटीच परत गेली. वायरमन आता रोज संध्याकाळी येतो तो दारातच उभा राहतो. त्याचे गुडघे सुजलेले बघून सिस्टरला राहवेना. "काका, आत जाऊन त्यांच्याजवळ बसा ना," ती म्हणाली.

"जवळ गेलो की ओळखत नाही तो," वायरमन म्हणाला.