बापूसाहेबांचं सात मिनिटांचं विमान

विमानाचे किस्से सांगायचे नाहीत असं मी कितीदा तरी ठरवलं. पण लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा हटकून विचारतो, "मास्तर, ते वकिलांचं विमान उडलं का हो शेवटी?" आणि भात येईपर्यंत मी दोन किस्से सांगून मोकळा होतो. आठ वर्षांचे रविवार गेले माझे बापूसाहेबांच्या परसात. थकलो अक्षरशः. हातात राहिलं काय, तर हे एवढंच.

मंडळ आमचं तिघांचं. बापूसाहेब अमरावतीच्या कोर्टात वकील, विमान त्यांचं. नामदेव मिस्त्री अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, हात त्याचे. मी हायस्कुलात सायन्स शिकवायचो, म्हणून पुस्तकात पाहून सांगायचं काम माझं. लाकडी सांगाडा दोन वर्षांत झाला, पंखांवर कापड चढलं. अडलं ते इंजिनापाशी.

इंजिन पहिल्या महायुद्धातलं, कुठल्याशा संस्थानाच्या भंगारातून आणलेलं. त्याची तऱ्हाच वेगळी. मधला दांडा जागच्या जागी, आणि नऊच्या नऊ सिलिंडर पुढच्या पंख्यासकट गरगर फिरणार. त्याचा कार्बुरेटर कधीच गहाळ झालेला. नामदेवनं त्या जागी डिझेल ट्रकचा इंजेक्शन पंप बसवला, पेट्रोल मोजून आत फवारायला. सुरू झकास व्हायचं. सातव्या मिनिटाला पंप जाम. मग पुढचा रविवार.

आठव्या वर्षी काकूंनी, म्हणजे बापूसाहेबांच्या सौभाग्यवतींनी, निकाल दिला. "अक्षय तृतीयेला हे सलग दहा मिनिटं चाललं तर राहील. नाहीतर त्याच दिवशी भंगारवाला घेऊन जाईल. मी बोलून ठेवलंय."

बापूसाहेबांचा चेहरा उतरला. पण वकील तो वकील. बाररूममध्ये जाऊन त्यांनी जाहीर केलं की तृतीयेला दहा मिनिटं झाली की दुसऱ्या दिवशी वलगावच्या वावरातून मी स्वतः उडणार आणि दुपारचं जेवण अकोल्याला घेणार. वकील मंडळींनी आमरसाची फर्माईशसुद्धा करून टाकली.

*

या इंजिनाला वंगण लागतं एरंडेलाचं. जेवढं पितं तेवढं बाहेर फेकतं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडया गेल्या. पण खरा घोटाळा पुढे. तो तेलाचा धूर आणि तुषार नाकातोंडात जायचे, आणि एरंडेल पोटात गेल्यावर जे व्हायचं ते सोमवारी सकाळी व्हायचंच.

दर सोमवारी माझा रजेचा अर्ज. एकदा मी अर्ज द्यायला स्वतःच गेलो. हेडमास्तरांनी तो न उघडता विचारलं, "काल किती मिनिटं चाललं?"

"सात."

"मग दुपारच्या तासांना या," ते म्हणाले.

*

नामदेव अकोल्याहून दर रविवारी बसनं यायचा, पंप मांडीवर घेऊन. एकदा कंडक्टरनं हटकलं, "हे काय हाये जी?"

"पंप."

"कशाचा?"

"इमानाचा."

कंडक्टरनं तिकीट फाडलं, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "मंग तुमी बसनं काहून येऊन राहिले?"

नामदेव हे सांगताना हसत नसे. त्याला तो प्रश्न रास्त वाटायचा.

*

मे महिन्यात पेट्रोलची नळी इतकी तापायची की पेट्रोलची वाफच व्हायची. उपाय म्हणून बापूसाहेबांनी घरातल्याच ऑफिसच्या खिडकीची वाळ्याची ताटी काढून टाकीभोवती गुंडाळली आणि वर पाणी शिंपडायला गडी बसवला. ऑफिसात पक्षकार घामानं निथळत बसलेले. त्यातला एक म्हातारा परसात डोकावून आला आणि शांतपणे म्हणाला, "वकीलसाहेब, पुढची तारीख त्या मशिनीपाशीच ठेवा. तिथं थंड हाये."

*

वलगावचं वावर किसनरावांचं. दोस्तीखातर त्यांनी चार एकर विमानासाठी मोकळं ठेवलं होतं. काळी जमीन, उन्हाळ्यात भेगा अशा पडायच्या की चाक आत जावं. आम्ही बुजवायचो, त्या पुन्हा पडायच्या. दरसाल मृग जवळ आला की किसनराव दारात हजर. आरडाओरड नाही, काही नाही. पायरीवर बसून पान जमवायचे आणि विचारायचे, "मंग वकीलसाहेब, या साली पेरू का उडता?"

"यंदा पेरा," बापूसाहेब म्हणायचे. आणि हे म्हणताना, का कोण जाणे, त्यांना जरा हुशारी वाटायची.

*

वाऱ्याची दिशा कळावी म्हणून गच्चीवर बांबूला उशीचा अभ्रा बांधला होता. तो पाहायला वर जायचं काम माझं. बापूसाहेब खालून विचारणार, "वारा कुठून आहे, मास्तर?" एकदा मी वैतागून म्हटलं, तुम्हीच या आणि पाहा. बापूसाहेब शिडीच्या तीन पायऱ्या चढले. चौथीवर पाय ठेवला आणि खाली उतरले.

"गुडघा," म्हणाले.

त्याच गुडघ्यानं ते रोज कोर्टाचा जिना चढायचे.

*

तृतीयेच्या आदल्या रविवारी नामदेवला गोम सापडली. "डिझेल सवताच तेलकट असते, मास्तर. पेट्रोल कोरडं. पंप आतून सुकून राहिला." पेट्रोलमध्ये थोडं एरंडेल मिसळायचं, बस. आठ वर्षं आम्ही एरंडेलानं न्हात होतो आणि हे कोणाला सुचलं नव्हतं.

तृतीयेच्या सकाळी पुरणपोळीचं जेवण बाजूला ठेवून काकू मागच्या पायरीवर बसल्या, मांडीवर गजराचं घड्याळ घेऊन. फाटकाशी भंगारवाला हातगाडी लावून उभा. इंजिन सुरू झालं. पाच मिनिटं. सहा. सातवं गेलं. आठवं गेलं. आवाज असा एकसारखा की आठ वर्षांत ऐकला नव्हता. तेलानं माखलेला नामदेव माझ्याकडे पाहून हसला, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

काकूंनी नऊ बोटं दाखवली. बापूसाहेबांनी एकदा गच्चीवरच्या त्या अभ्र्याकडे पाहिलं, हात पुढे केला आणि बटण बंद केलं.

पंखा फिरत फिरत थांबला. नामदेवला आधी कळेचना. "काहून जी? काय झालं?"

"आवाज बरोबर नव्हता," बापूसाहेब म्हणाले.

नामदेवनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. भंगारवाला दोरी सोडत आत आला.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, गच्चीवरच्या अभ्र्याकडे पाहिलं आणि घड्याळ पदराआड धरलं. मग उठल्या आणि भंगारवाल्याला म्हणाल्या, "तुम्ही जा बाबा. यांचं एक मिनिट राहिलंय अजून."